गेलेल्या छऱ्याच्या मागे

जुन्नरात एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला टोमॅटोचे क्रेट ठेवायचं एक जुनं गोदाम होतं. ते भाड्याने घेऊन मी तिथे दहा मीटरची एअर रायफल रेंज काढली, त्याला आता सहा-सात वर्षं झाली. फौजेत मी हवालदार होतो, आणि शेवटची बरीच वर्षं नेमबाजीचा उस्ताद, म्हणजे नव्या पोरांना गोळी मारायला शिकवणारा. गावाकडे आल्यावर लोक मला मेजर म्हणायला लागले. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग त्याने उभी नोकरी लंगरात भाकऱ्या भाजण्यात का घालवलेली असेना. आधी मी दुरुस्त करायचो. मग कंटाळून सोडून दिलं.

उस्तादाचं खरं काम नेम धरायला शिकवणं हे नाही. मागच्या खाचेत नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची खूण, बसवायची आणि काळ्या गोलाच्या बुडाशी टेकवायची, एवढं गाढवालाही पाच मिनिटांत समजतं. खरं काम म्हणजे भोकं पडलेलं कार्ड बघून मारणाऱ्याचं काय चुकलं ते सांगणं. छर्रे वरखाली एका रेघेत पडले, तर गडी श्वास चालू ठेवून मारतोय. उजवीकडे खाली गेले, तर तो चाप दाबत नाही, हिसकतोय. दोन वेगळे पुंजके पडले, तर त्याने मधेच दस्त्यावरचा गाल उचलला आणि परत भलत्याच जागी टेकवला. मला माणूस बघायची गरज पडत नसे. कार्ड आणा, मी आजार सांगतो. हा माझा माज होता आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही.

माज यायला कारणही तशीच माणसं होती. बायपासला हॉटेल असलेला एक जण पहिल्याच आठवड्यात परदेशी रायफल घेऊन आला. तिची किंमत त्याने मला तीनदा सांगितली. छर्रे मात्र कार्ड सोडून भिंतीला. म्हणे, "मेजर, ह्या बंदुकीत कायतरी फॉल्ट हाय." मी त्याच्या हातातून ती घेतली, उभ्या उभ्या पाच छर्रे मारले. पाचही नऊच्या आत, म्हणजे दहा गुणांच्या मधल्या ठिपक्याला चिकटून. बंदूक परत दिली आणि म्हटलं, फॉल्ट सापडला, तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे. तो परत आला नाही. एका गुरुजींना उजेड डोळ्यावर यायचा, ट्यूब बदलली तर अंधार वाटायचा. एका द्राक्षबागायतदाराच्या पोराने तर कमाल केली. वाऱ्याने छर्रा वाहतो म्हणाला. बंद गोदामात वारा! मी त्याला विचारलं, तुझ्या नाकातून येतो का? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने नक्की आधी रेंज चालवलेली असणार.

पण ह्या सगळ्यांहून मला चीड होती ती जत्रेतल्या नेमबाजांची. आमच्या भागात चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट, तमाशाचा तंबू आणि त्याच्या कडेला फुगे फोडायच्या बंदुकीचा गाडा. त्या गाड्यावर दहा फुगे फोडलेला प्रत्येक जण माझ्या दारात येऊन छाती काढायचा. "मेजर, आपला निशाना लई बेकार हाय." बेकार म्हणजे त्याच्या भाषेत भारी. मला तो शब्दशः बेकारच वाटायचा. त्या गाड्यावरची बंदूक म्हणजे वाकलेल्या माशीचं लोखंड. पाच पावलांवर फुगा, डोक्याएवढा. तो फोडला म्हणून स्वतःला नेमबाज समजणाऱ्याला मी बाहेरच्या पायरीवरूनच वाटेला लावत असे. भिंतीवर मी मोठ्या अक्षरात पाटीच लावली होती की जत्रेतल्यांनी इथे येऊ नये.

त्या पाटीखाली एक दिवस ती येऊन उभी राहिली. तिशी ओलांडलेली बाई, अंगावर साधी साडी, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. बाजारपेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होती. सासर शिनोलीच्या वरच्या अंगाला, माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. आज्याने मेंढरं घेऊन घाट पालथे घातले, बापाने मेंढरं मोडली. बाप आता काय करतो विचारलं तर म्हणाली, "जत्रंत दुकान लावत्यात." मला वाटलं बांगड्या-खेळण्यांचं असेल. मी पुढे विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. दिवसभर दुसऱ्यांचे नोकरीचे फॉर्म भरताना तिने वाचलं होतं की सरकारी भरतीत खेळाडूंना वेगळ्या जागा असतात. जिल्ह्याच्या निवडचाचणीत पात्र झालं की राज्याची स्पर्धा, तिथे नंबर आला की अर्ज. पळापळीचे खेळ तिच्या वयात होणार नव्हते. नेमबाजीत वय आडवं येत नाही. पण भरतीच्या वयाची अट मात्र येत्या वर्षात संपणार होती. म्हणजे एकच निवडचाचणी, एकदाच.

"सर, जमंल का?" तिने विचारलं.

"बाई, इथे पन्नास जण आले नि गेले," मी म्हणालो. "तुला आठ दिवसांत कंटाळा येईल."

आठ दिवस गेले, आठ महिने गेले. सकाळी सहाला मी गोदामाचं शटर वर करायचो तेव्हा ती पायरीवर बसलेली असायची. नवरा मोटारसायकलवर सोडून जायचा. नऊला तिचं दुकान उघडायचं. तीन तास ती उभी राहायची, आणि तिच्या उभं राहण्यात खोट काढायला मला जागा सापडायची नाही. पाय जमिनीत रोवलेले, कोपर बरगडीला, मान सरळ. मनातल्या मनात मी खूश व्हायचो. तोंडावर मात्र कधी दाखवलं नाही, कारण शाबासकी दिली की माणूस बिघडतो हे मी फौजेत शिकलो होतो. तिथे शिकलेल्या सगळ्याच गोष्टी शहाणपणाच्या होत्या असं नाही.

छर्रे मात्र जागेवर पडत नव्हते. लांबही जात नव्हते, हेच तर दुखणं. काळ्या गोलावर बांगडी ठेवून तिच्या कडेकडेने भोकं पाडावीत तसं तिचं कार्ड दिसायचं. मधला भाग कोरा. मी तिच्या मागे खुर्ची टाकून, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचो आणि छर्रा पडला रे पडला की गेला त्या बाजूला तळहात दाबून ओरडायचो. "खाली गेली! चाप हिसकलास." पुढचा छर्रा. "वर! श्वास सोडला नाहीस." पुढचा. "डावीकडे! खांदा ढकलतेस." त्याच्या पुढचा. "आता उजवीकडे! बंदूक तिरकी केलीस, झोप लागली का?" एका बाईला एकाच सकाळी सगळे आजार. असला रोगी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. बाकीच्यांना निदान एकच काहीतरी होत असे आणि ते मी दोन दिवसांत काढून टाकत असे.

मग मी माझे हुकमी डाव काढले. नळीवर रुपयाचं नाणं ठेवलं आणि रिकामी बंदूक चालवायला लावली. चाप सुटला, नाणं जागचं हललं नाही. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा नाणं तसंच. मग तिच्या नकळत कधी छर्रा घालून, कधी न घालता बंदूक हातात दिली. धसका घेणारा माणूस रिकाम्या बंदुकीवरही दचकतो आणि नळी खाली जाते. हिची नळी इकडची तिकडे झाली नाही. म्हणजे चाप बरा, श्वास बरा, खांदा बरा, धसका नाही. माझ्या हिशोबाने मग उरलं एकच. मी ते चार लोकांत बोललो.

"तुझ्या हातात खोट नाही," मी म्हणालो. "खोट काळजात आहे. छर्रा खरा असला की तू घाबरतेस. हे काम काळीज असणाऱ्यांचं आहे. त्यापेक्षा घरी जाऊन भाकऱ्या थाप."

रेंजवर दोन कॉलेजची पोरं होती, ती हसली. तिने बंदूक पुसून खोक्यात ठेवली, डब्याची पिशवी उचलली आणि गेली. मला वाटलं, चला, एक ब्याद टळली. खरं सांगायचं तर असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती पायरीवर बसलेली होती.

निवडचाचणीला महिना राहिला तेव्हा माझ्या गावची, महाळुंगे पडवळची जत्रा आली. दरवर्षी मी जातो. देवदर्शन करायचं, भावकीत जेवायचं आणि घाटाकडची गर्दी बघून नाकं मुरडायची. संध्याकाळी त्या गर्दीतून चाललो असताना फुग्यांच्या गाड्यापाशी मोठा घोळका दिसला. फळीवर रंगीत फुगे टाचलेले, समोर बाकड्यावर दोन बंदुका, आणि डोक्याला लाल पागोटं गुंडाळलेला एक म्हातारा घसा फोडून ओरडत होता, "खाली गेली पावणं, आता वर धरा! डावीला गेली, उजवीला सरका! गेली तिकडनं उलटं धरा!"

मला हसू आलं. उस्तादच म्हणायचा हा. अशी विद्या दिली तर फौजेतल्या अख्ख्या पलटणीची वाट लागेल. भावकीतली दोन पोरं माझ्याबरोबर होती, त्यांनी डिवचलं, "मेजर, दाखवा की राव." मी बंदूक उचलली. माशी उजवीकडे वाकलेली मला बघताक्षणी दिसली. तरी म्हटलं, पाच पावलांवर डोक्याएवढा फुगा, ह्याला काय नेम धरायचा. खाचेत माशी बसवली, श्वास अर्धा सोडला, चाप सावकाश दाबला. छर्रा फळीत. दुसरा छर्रा तसाच, त्याच जागी, फळीत. पाच छर्रे मारले आणि पाचही एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत, फळीत. असा पुंजका माझ्या हातून कित्येक वर्षांत पडला नव्हता. फुगे सगळे जिथल्या तिथे. लोक खो खो हसले. म्हातारा समजुतीने म्हणाला, "पावणं, ही बंदूक तशी न्हाई ऐकत. तुमी एकाच ठिकाणी धरून बसलाय."

तेवढ्यात गाड्याच्या मागून फुग्यांचा गठ्ठा घेऊन ती आली. माझ्या रेंजवरची ती. मला बघून तिने पदर असा ओढला की कुणाला वाटावं, पाटलांच्या वाड्यावर आलीय. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि म्हाताऱ्याने हाक मारली, "बाय, पावण्यास्नी जरा मारून दाव." बापाचा शब्द. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बंदूक उचलली. पहिला छर्रा चुकला, मुद्दाम चुकवल्यासारखा, कुठे जातोय ते बघायला. मग सरकून दुसरा, फुगा फुटला. बंदूक बदलली, परत एक फुकट, परत सरकून एक फुगा. छर्रा कुठे गेला ते बघायचं आणि त्याच्या उलट्या बाजूला धरायचं. आठव्या-नवव्या वर्षापासून ती हेच करत आली होती.

मी जागच्या जागी समजलो. आठ महिने दुर्बीण लावून मला जे दिसलं नव्हतं ते जत्रेतल्या गाड्यावर दिसलं. तिला एकही आजार नव्हता. छर्रा खाली गेला की पुढचा ती वर धरत होती, डावीकडे गेला की उजवीकडे. वाकड्या बंदुकीसाठी ही रीत बरोबर आहे. चांगल्या बंदुकीला तीच मारक आहे, कारण हात माणसाचा आहे, एखादा छर्रा कणभर हलणारच, त्याच्या मागे धावायचं नसतं. नेम एकच धरायचा, दहाच्या दहा वेळा तोच. पुंजका जमला की मग स्क्रू फिरवून माशी हलवायची, माणसाने हलायचं नाही. हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. तिलाही सांगितलं होतं.

रात्रभर मी त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. पोरीच्या हाताची माती केली म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर दिसताच मी तोंड सोडलं. "तुझ्या बापाने तुला वाटोळं करणारी सवय लावलीय. तू गेलेल्या छऱ्याच्या मागे धावतेस. गेला तो गेला. तिकडे बघायचं कशाला?"

ती खाली बघून म्हणाली, "मी न्हाई बघत, सर. मला इथनं भोक दिसतच न्हाई."

"मग?"

"तुमीच सांगता की. खाली गेली, वर गेली. तुमी सांगितलं की मी तसं धरती."

मी शटरचं कुलूप हातात धरून उभा राहिलो. दहा मीटरवरचं साडेचार मिलिमीटरचं भोक उघड्या डोळ्याला दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रिकाम्या बंदुकीवर तिची खोट दिसत नव्हती, कारण रिकाम्या बंदुकीवर मला ओरडायला काही नव्हतं. जत्रेत तिचा बाप ओरडत होता आणि गोदामात मी. फरक एवढाच की त्याच्या ओरडण्याने फुगे फुटत होते. ज्या म्हाताऱ्याला मी रात्रभर शिव्या दिल्या तो त्याचं काम माझ्यापेक्षा नीट करत होता.

हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. "उद्यापासून मी गप्प बसणार," एवढंच म्हणालो, जणू काही तिच्यावर मेहेरबानी करतोय. दुर्बीण तिवईवरून काढून कपाटात ठेवली. दहा छर्रे होईपर्यंत कार्ड बघायचं नाही, असं तिला सांगितलं आणि स्वतःलाही.

तीन आठवडे मी तोंड मिटून बसलो. सोपं नव्हतं ते. खुर्चीत बसून हात मांड्यांखाली दाबून ठेवायचो. पहिल्या आठवड्यात तिची बांगडी आवळत आली. दुसऱ्या आठवड्यात मधला कोरा भाग नाहीसा झाला. तिसऱ्यात दहा छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायला लागले, मी स्क्रूचे दोन आटे फिरवून माशी हलवली आणि तो पुंजका उचलून मधोमध आला. आठाच्या बाहेर काही जायचंच नाही. एक दिवस कार्ड हातात घेऊन ती हसली. आठ-नऊ महिन्यांत तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "सर, व्हईल बघा आता," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. वाटत काय होतं, मला ते कळलेलं होतं. कार्ड खोटं बोलत नाही.

निवडचाचणी पुण्याकडे एका मोठ्या हॉलमध्ये होती. पहाटेच्या गाडीने आम्ही गेलो. तिने घरून बाजरीची भाकरी आणि ठेचा आणला होता, तो आम्ही हॉलच्या पायरीवर बसून खाल्ला. आत सगळा बाजार भरलेला. चामड्याची जाकिटं, रंगीत बूट, आणि प्रत्येक पोरामागे एकेक कोच, गळ्यात शिट्टी नि ओळखपत्र. छर्रा सुटला की कोच मागून हातवारे करत होते. बोलायला बंदी, खुणांना नाही. कुणी मान हलवतोय, कुणी कपाळाला हात लावतोय. मी मनात म्हटलं, बघा ही माकडं. पोरांना मारू द्या की सुखाने. पात्रतेचे गुण भिंतीवर लावलेले होते. चाळीस छर्रे मारायचे होते. तिला मी सांगून ठेवलं, मागे वळून बघायचं नाही. मी मागच्या ओळीत बसलेला असेन, आहे असं समजायचं नाही.

तिने सुरुवात केली आणि मी सगळं विसरलो. तशी उभी राहिलेली त्या हॉलमध्ये दुसरी कुणी नव्हती. नऊ, दहा, नऊ, नऊ. शेजारच्या कोचकडे दुर्बीण होती. तो आपल्या पोरावर वैतागून बाहेर गेला तेव्हा मी ती सहज जवळ ओढली. सहज म्हणजे काय, हात शिवशिवत होते. एकेक छर्रा बघत होतो आणि मनात बेरीज करत होतो. अडतीस छर्रे झाले तेव्हा माझा हिशोब पक्का होता. पुढचा आठ आणि शेवटचाही आठ पडला तरी ती पात्र होती. आठाच्या बाहेर तिचा छर्रा तीन आठवड्यांत गेला नव्हता. तिला स्वतःला बेरीज माहीत नव्हती. ती फक्त मारत होती.

एकोणचाळिसावा छर्रा आठात पडला, जरा खालच्या अंगाला. काही बिघडलं नव्हतं. छर्रा घ्यायला ती शेजारच्या टेबलाकडे वळली, आणि वळता वळता तिची नजर मागे आली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. माझा हात वर होता. तळहात जमिनीकडे, खाली दाबल्यासारखा. महिनोनमहिने मी तिला ओरडताना हीच खूण करत आलो होतो. खाली गेली. हात कधी वर गेला ते मला समजलं नाही, देवाशपथ. तिने मान किंचित हलवली, समजलं म्हणून. मी हात ओढून घेतला तोवर ती वळली होती आणि बंदूक खांद्याला लागली होती.

मला ओरडायचं होतं की नको, होती तिथेच धर. पण बोलायला बंदी होती. एरवी कधी नव्हे ती मी शिस्त पाळली.

छर्रा वर गेला, पाचात.

निकाल लागायला दुपार झाली. तीन गुण कमी पडले. निकाल लावणाऱ्या एका बाईने कागदावर बोट ठेवून तिला ते दाखवलं. तिने दोनदा वाचलं, मग बंदूक पुसली, जशी रोज पुसायची तशी, आणि माझ्या ताब्यात दिली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. तिच्या नवऱ्याचा फोन आला, तिने "न्हाई झालं" एवढंच सांगितलं आणि घरी असलेल्या आपल्या पोरीने जेवण केलं का विचारलं. मग बराच वेळ ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

"शेवटची मी वर धरली, सर," ती म्हणाली. "तुमी हात केला ना, म्हणून."

मी मान हलवली.

"माझ्या मनात आलं व्हतं, हाय तशीच धरावी. पण मला वाटलं, सरांनी एवढे दिवस न्हाई सांगितलं, आन आत्ता सांगत्यात. म्हंजी तुमाला कायतरी दिसलं असंल."

मला काहीही दिसलं नव्हतं.